दोन सारखी भांडी

चंद्राबाईनं पदराखालून लाकडी मोगरी काढून टेबलावर ठेवली आणि एकदा मागं दाराकडे वळून पाहिलं.

"काल भर दुपारी ही आमच्या उंबऱ्यावर ठेवल्याली व्हती," ती म्हणाली. "शेतातली मोगरी, सायब. कापून आनून ठेवली. म्हंजी शेतात आला तसा घरातबी यील, व्हय की न्हाई?"

भोरच्या बाजारपेठेतल्या त्या माडीवर आनंदराव शिळीमकर खासगी तपासाचं काम करत. त्याआधी ते मुंबईच्या पेटंट कचेरीत परीक्षक होते. लोक आपल्या शोधाबद्दल जे दावे लिहून आणत, ते शब्दाशब्दाने तपासायचे आणि त्यात नवं काय, जुनं काय ते ठरवायचं, हा त्यांचा धंदा. नोकरी सुटली, पण खोड सुटली नाही. त्यांच्या जोडीला दादू हवालदार, पोलिसातून निवृत्त झालेले. हवालदारांचा जीव मोठा आणि विचार सावकाश. एखादी गोष्ट त्यांच्या ध्यानात येईपर्यंत ती साऱ्या तालुक्याच्या ध्यानात येऊन गेलेली असे.

आनंदरावांनी मोगरी उचलून पाहिली. दांडा करवतीनं सरळ कापलेला होता.

"पहिल्यापासून सांगा," ते म्हणाले.

चंद्राबाई वेल्ह्याची. नवरा कुंडलिक, भातशेती करणारा. तोरण्याखाली भात निसवलं की रानडुकरं उतरतात आणि एका रात्रीत अख्खं खाचर लोळवतात. त्यांना हाकलायला लोक पूर्वापार ओढ्याच्या पाण्यावर एक डबा टांगत आले होते. डबा भरला की कलंडायचा आणि मोगरी उचलून पत्र्यावर आपटायचा. पण ठोका ठरल्या वेळानं पडे, आणि चार दिवसांत डुकरांना त्याची सवय होई. कुंडलिकनं एकाच मोगरीला दोन डबे जोडले, एक लहान आणि एक मोठा. जो भरेल तो मोगरी उचलणार. त्यामुळे ठोका कधी लवकर पडे, कधी उशिरा, कधी लागोपाठ दोन. डुकरांना अंदाज येईना. त्यांनी ते शेतच सोडलं.

कुंडलिकनं त्याचं नाव ठेवलं हाकाऱ्या. बहात्तर साली पेटंटचा अर्ज केला. या उन्हाळ्यात, चौऱ्याहत्तरच्या, कचेरीनं तो स्वीकारून जाहीर केला. लगेच शिवऱ्याच्या जगनशेट नावाच्या अवजारांच्या व्यापाऱ्यानं विरोध नोंदवला. असलं यंत्र उत्रोलीच्या अक्काबाईच्या शेतात कधीपासून उभं आहे, असं त्याचं म्हणणं.

"मागल्या हप्त्यात ह्ये साकवावरनं ओढ्यात पडले. मांडी मोडली. बगितलं तर साकवाची फळी खालनं करवतीनं कापल्याली," चंद्राबाई म्हणाली. "परवा ममईला सुनावनी हाय. ह्ये म्हनत्यात अर्ज माघारी घेतो. उद्या सही करनार. सही केली तर जलमभर भिऊन ऱ्हायाचं. न्हाई केली तर माजं कुकू जायाचं. म्या काय करू, सायब?"

"माघारीचा कागद कुणी लिहिला?"

"रामभाऊंनी. पैला अर्जबी त्येंनीच लिवला. देवमानूस हाय."

"आणि कुणावर संशय?"

ती खाली मान घालून म्हणाली, "करवत गावात माज्या भावाकडंच हाय. गेनू सुतार. डबे-चौकट त्येनंच केली. अर्जात त्येचं नाव घातलं न्हाई म्हनून रागावलाय. पर त्यो असं करंल का, सायब?"

हे विचारताना तिला उत्तराचीच भीती वाटत होती.

उत्रोलीच्या वाटेवर हवालदारांनी विचारलं, "सायेब, दावा दावा म्हनत्यात, म्हंजी नेमकं काय वो?"

"शेताचा बांध, हवालदार. शोध केवढाही असो, कागदावर जिथे बांध घातला तिथपर्यंतच तो तुमचा. बाहेरचं गावाचं. आणि बांधाच्या आत आधीपासूनच दुसऱ्याचं पीक उभं असलं, तर दावा पडला. म्हणून परीक्षक आधी बांध नीट बघतो, पीक मागाहून."

हवालदारांनी मान हलवली. समजलं म्हणून की चढ लागला म्हणून, ते सांगता येत नाही.

अक्काबाई एकटी राहणारी म्हातारी. तिनं दार उघडलं ते वीतभर. "त्यो हाकाऱ्या लई वर्सांचा हाय," ती कुणी विचारण्याआधीच म्हणाली आणि दार लावायला लागली. पाठ केलेलं बोलावं तसं ती बोलली होती.

"आजी, आम्ही फक्त बघतो," आनंदराव म्हणाले.

बांधाशी चौकट उभी होती. शेजारी शेजारी दोन पत्र्याचे डबे, अगदी एका मापाचे. दोन्ही एकाच मोगरीला जोडलेले. पत्रा गंजलेला, लाकूड काळं पडलेलं. गुळवेलीचा अंगठ्याएवढा दांडा चौकटीतून आरपार गेलेला. आनंदरावांनी दोन्ही डब्यांच्या आतल्या कोपऱ्यांतून बोट फिरवलं. बोटाला तांबडा गंज लागला, बाकी काही नाही. डब्यांवर पाणी येण्याच्या वाटेवरही काही अडकवलेलं नव्हतं.

"हा वेल गेल्या पावसाळ्यात होता का?"

"व्हता की. गेल्या सालीच पार वर चडला." म्हातारी चपापली. "पर म्या काय सांगितलं न्हाई, हां!"

"नाही सांगितलंत. आणि तिकडे तुमच्या भाताच्या पाटाच्या तोंडाला तो काट्यांचा भारा कशाला?"

यावर मात्र ती मोकळेपणानं बोलली. "त्यो न्हाई लावला तर पाला अन् गाळ येतुया. एका दिसात सगळं बुजून जातंय. ओढ्याचं पानी हाय, बाबा."

वेल्ह्याला एस.टी.तून उतरले तेव्हा ऊन चांगलं वर होतं, तरी कुंडलिकच्या दाराला आतून अडणा लावलेला होता. हा कुंडलिक एकेकाळी बाजारात उभा राहून 'माज्यासारखं डोकं तालुक्यात न्हाई' म्हणून सांगत फिरायचा. लोक कंटाळायचे. आता तो मोडकी मांडी पसरून खाटेवर पडला होता आणि कुजबुजत बोलत होता. कौलावर मांजर चाललं तरी त्याचे डोळे वर जात.

"म्या सही करतो, सायब. डुकरांनी खाऊ द्या भात. जीव ऱ्हाऊ द्या."

गेनू सुतार ओसरीवर बसला होता. त्याचं तोंड आंबट झालेलं. "नावाचा राग हाय मला," तो म्हणाला. "उगं खोटं कशाला बोलू? पर बहिनीचं कुकू पुसनारा म्या न्हवं. करवत माज्या छपरात उघडीच आसती. कुनीबी न्यावी."

आनंदराव चंद्राबाईला घेऊन शेतात गेले. हाकाऱ्या मुका उभा होता. पाण्याच्या वाटेवर पाला अडवायला विणलेलं टोपलं अडकवलेलं, डब्यांच्या कोपऱ्यांत वाळल्या गाळाच्या खपल्या. मोगरीच्या दांड्याचा उरलेला तुकडा सुतळीच्या वेढ्यांत जागीच होता, खाली बांबूची पाचर होती. भोवतालचं भात रात्रीतून डुकरांनी चिखलात घातलेलं. चंद्राबाई ते बघून रडली नाही, नुसती मागं वळून वळून झाडीकडे बघत राहिली.

"मोगरी कायम इथेच असते?"

"न्हाई. रोज सकाळी काडून घरी न्यायची, सांजच्याला लावायची. न्हाईतर दिसभर कान किटत्यात. आळीतली समदी लावत्यात, काडत्यात. ह्ये पडल्यापास्नं हितं यायाला कुनाची छाती हुईना, म्हनून ऱ्हायली."

परत आले तेव्हा रामभाऊ येऊन बसले होते. नकाशे काढण्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले, स्वच्छ धोतर, शांत आवाज. घरातले सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"तुम्ही परीक्षक होतात, म्हणजे तुम्हाला सांगायला नको," ते म्हणाले. "पहिल्या दाव्यात मी 'एकाच मोगरीला जोडलेली दोन कलती भांडी' एवढंच लिहिलं. चित्रातही सारखीच काढली. परीक्षकानं हरकत घेतली, की भांडी सारखी असली तर ठोका पुन्हा ठरल्या वेळानंच पडेल, मग नवं काय? तेव्हा 'लहान-मोठी' हा शब्द घातला."

"म्या पैल्यापास्नं ल्हान-मोठंच सांगत व्हतो," कुंडलिक पुटपुटला.

"तो तपशील वाटला मला. असो. जगनशेट म्हणतो, सारखी भांडी उत्रोलीला आधीच होती. त्यातलं एक मोठं केलं, यात शोध कसला? शेंबडं पोरही करील. उघड गोष्टीला पेटंट मिळत नाही. हरायचंच आहे, तर जीव का घालवायचा?"

"तुम्ही हाकाऱ्या शेतात जाऊन पाहिलात?"

"छे. चिखल सोसत नाही मला. यानं सांगितलं, मी लिहिलं."

आनंदराव उठले. "सही उद्या सकाळी करू या. सगळ्यांसमोर. गेनू, मोगरीला नवा दांडा घाल आणि चौकट अंगणात आण."

त्या घरात कुणाच्याच डोळ्याला डोळा लागला नाही. हवालदार दाराला पाठ लावून बसून राहिले.

सकाळी उशिरा अंगणात हाकाऱ्याची चौकट उभी होती, मोगरी लावलेली. खाटेवर कुंडलिक, त्याच्या हातात माघारीचा कागद. हवालदार पहाटेच्या पहिल्या एस.टी.नं उत्रोलीला जाऊन अक्काबाईला घेऊन आले होते. ती भिंतीला चिकटून बसली होती.

"रामभाऊ," आनंदराव सहज म्हणाले, "तुम्ही जवळ आहात. तेवढी मोगरी काढून द्या."

रामभाऊ उठले. त्यांनी मोगरी ओढून पाहिली, फिरवून पाहिली. खालून बघितलं, खिळा शोधला. "ही अशी निघायची नाही," ते म्हणाले. "करवत लागेल."

चंद्राबाई पांढरीफटक पडली होती. ती पुढे आली, सुतळीखालचं पाचरीचं टोक दोन बोटांनी ओढलं, आणि मोगरी तिच्या हातात आली.

"आळीतल्या कुणालाही मोगरी न्यायची असती, तर त्यानं असंच केलं असतं," आनंदराव म्हणाले. "गेनूनं तर हमखास, पाचर त्याचीच. करवत त्यालाच लागते, ज्याला हाकाऱ्या फक्त कागदावरून ठाऊक आहे. कागदावर पाचर नाही."

"एवढ्यावरून मला चोर ठरवता?" रामभाऊंचा आवाज अजून शांत होता.

"नाही. उत्रोलीला चला. तिथल्या डब्यांत गंज आहे, गाळाचा कण नाही. पाण्याच्या वाटेवर टोपलं नाही. ओढ्यावर एक दिवस चाललेल्या डब्यात गाळ बसतोच. म्हणजे ते यंत्र कधी चाललंच नाही, दाखवायला उभं केलं. पण केव्हा? गुळवेल गेल्या साली त्यातून वर चढली. तेव्हा अर्ज कचेरीत बंद होता. या उन्हाळ्यात जाहीर होईपर्यंत तो कुणाला वाचायला मिळणं शक्य नव्हतं. जगनशेटला तर नाहीच."

"मंग त्येच्या मानसानं हितं शेतात बगून केलं आसंल," हवालदार म्हणाले.

"बघून केलं असतं, तर टोपलं दिसलं असतं, पाचर दिसली असती, आणि मुख्य म्हणजे एक डबा लहान, एक मोठा दिसला असता. उत्रोलीला दोन्ही सारखे आहेत. हवालदार, सारखे दोन डबे कोण कशाला बसवील? ते एकदमच भरणार, एकदमच कलंडणार. एकानं भागतं तिथे दुसरा कशाला? गरजेनं करणारा तो बसवणारच नाही. बसवील तो ज्याच्यापुढे कागदावर 'दोन' लिहिलंय. आणि नुसतं 'दोन' लिहिलेला दावा, सारख्या भांड्यांचं चित्र, हे कचेरीबाहेर एकाच माणसाकडे होतं."

रामभाऊंनी धोतराचा सोगा सारखा केला.

"अर्ज गेल्या गेल्या तुम्ही जगनशेटला चित्र दिलंत. चौकट पावसात जुनी होऊ दिलीत. पण मध्येच परीक्षकानं बांध आत सरकवला. आता उत्रोलीचं यंत्र दाव्यात बसेना, आणि नवा डबा लावावा तर नवा पत्रा ओळखू येणार. मग 'उघड गोष्ट' हा मुद्दा काढलात. तोही टिकेल याची खात्री वाटेना, म्हणून साकव कापलात."

अक्काबाई एकदम बोलली. "जगनशेटच्या मानसांनी आनून हुबा केला. बोलशील तर घर जाळू म्हनले. ह्ये धोतरवाले संगती व्हते, लांब बांधावर. चिखलात उतरले न्हाईत."

रामभाऊ खाली बसले. शांत आवाज गेला होता. "याच्याकडे काय होतं? दोन डबे आणि बडबड," ते कुंडलिककडे बोट करून म्हणाले. "शब्द माझे होते. मी लिहिला नसता तर हा शोध ओढ्यातच राहिला असता. जगनशेटनं कारखान्यात भागी देऊ केली. यानं आभारसुद्धा मानले नाहीत!"

कुंडलिकनं मान खाली घातली. ते मात्र खरं होतं.

"म्हनून मारायला निगालात?" चंद्राबाईनं विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता, आता कुठं उतरायला लागलेली भीतीच होती. "माज्या हातची भाकर खाऊन म्हनायचात, जीव म्हत्त्वाचा."

हवालदारांनी रामभाऊंना धरून उठवलं.

"पर सायेब," अंगणाच्या दारातून हवालदारांनी मागं वळून विचारलं, "उघड गोष्टीचं काय? ल्हान-मोठं करनं तर सोपंच की. मलाबी सुचलं आसतं."

"आज सुचलं असतं. बघितल्यावर सगळ्यांनाच सुचतं." आनंदराव हसले. "परीक्षक हे विचारतो, की बघायच्या आधी, त्याच कामातल्या माणसाला ते सुचलं असतं का? पिढ्यान् पिढ्या लोकांनी एकच डबा टांगला आणि डुकरांनी भात खाल्लं. आणि रामभाऊंना तर कुंडलिकनं तोंडानं सांगितलं होतं, लहान-मोठं. तरी त्यांनी सारखं काढलं, सारखंच बनवून घेतलं. ऐकूनही ज्याला दिसलं नाही, ते उघड कसं? उद्या सुनावणीत उत्रोलीचे ते दोन डबे मी टेबलावर ठेवणार. कुंडलिकच्या बाजूचा त्याहून चांगला साक्षीदार मिळायचा नाही."

चंद्राबाईनं नवऱ्याच्या हातातून माघारीचा कागद घेतला आणि चुलीत घातला. कुंडलिकनं तो जळेपर्यंत पाहिला. मग गेनूकडे न बघता म्हणाला, "टेम्पो बग कुनाचा मिळतोय का. ममईला तूबी चल. चौकट कुनी केली म्हनून इचारलं तर म्या काय सांगू?"

संध्याकाळी निघायच्या आधी चंद्राबाई एकटी शेतात गेली. साकवाची फळी गेनूनं नवी टाकली होती, तरी तिनं पाय टेकून पाहिला. परत उभ्या केलेल्या चौकटीला मोगरी लावली, पाचर ठोकली, पाटाचं तोंड मोकळं केलं.

ठण्ण!

ती दचकली. हप्ताभर दचकत होती तशीच. मग उभी राहून ऐकू लागली. पुढचा ठोका येईना, येईना, आणि एकदम दोन लागोपाठ पडले. वरच्या झाडीत काहीतरी जड धडपडत डोंगराकडे पळालं.

"आता तुमी भ्या," चंद्राबाई म्हणाली आणि मागं न बघता घराकडे निघाली.