जाहिरातींसाठी पिंजरा

"आप्पा, तुम्ही मोबाईलवर रमी खेळता का?"

दूध डेअरीच्या ओट्यावर सकाळच्या दुधाची गर्दी होती. किटल्या घेऊन उभी असलेली माणसं आधी प्रांजलकडे बघायला लागली, मग सोपानरावांकडे. सोपानराव म्हणजे डेअरीचे चेअरमन आणि नदीकाठच्या त्या अख्ख्या वस्तीचे आप्पा. त्यांना असलं काही विचारायची कुणाची टाप नव्हती. भिंतीआड शितल आणि सुमित तोंड दाबून हसत होते. "विचारून दाखव, भेळ आमच्याकडून," अशी पैज त्यांनीच लावली होती. मागच्या वर्षीपर्यंत वर्गात हजेरी देतानाही प्रांजलचा आवाज पहिल्या बाकाच्या पुढं जात नसे. आज नववीतली तीच प्रांजल ओट्यासमोर ताठ उभी होती.

"रमी? म्या?" आप्पांच्या मिशा थरथरल्या. "कुणी सांगितलं गं तुला, भिमाजीच्या पोरी?"

"कुणीच नाही. पण आमच्या ब्लॉगवर रमीच्या जाहिराती पडायला लागल्यात. तुम्ही माझ्याकडून ब्लॉगचा पत्ता मागून घेतलात ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. म्हणून म्हटलं विचारावं."

"म्या काय बी खेळत न्हाई," आप्पा गरजले. "पन त्यो कचरा म्या बी बघितलाय. कर्ज घ्या, बारीक व्हा, रमी खेळा. बायामाणसं वाचत्यात ते. रविवारी मीटिंग हाय. तवर सगळं साफ झालं न्हाई, तर तुमचा ब्लॉगच बंद."

भिंतीआडचं हसू थांबलं.

ब्लॉगचं नाव होतं 'बिबट्या कुठं दिसला?' ऊसतोड सुरू झाली की उसात लपलेले बिबटे बाहेर पडतात, आणि मग वडगाव रासाईपासून पार दौंडच्या रस्त्यापर्यंत सगळे जीव मुठीत धरून रानात जातात. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर 'शुभ सकाळ'च्या फुलांखाली बिबट्या सापडायचाच नाही. म्हणून मागच्या दिवाळीच्या सुट्टीत या तिघांनी ब्लॉग काढला. ज्याला बिबट्या दिसला त्यानं खाली कमेंट लिहायची, बाकीच्यांनी ती वाचून मगच पाणी धरायला जायचं. वर्षभरात लोकांना त्याची इतकी सवय झाली, की शितलची आजी रंगुबाईसुद्धा नातीकडून कमेंटी वाचून घेतल्याशिवाय झेंडूच्या रानात पाऊल टाकत नसे. आता मात्र त्या कमेंटी जाहिरातींच्या ढिगाखाली गाडल्या जात होत्या.

"भेळ राहू दे," प्रांजल म्हणाली. "चला, कॉम्प्युटर सुरू करा."

कॉम्प्युटर सुमितच्या घरी होता. त्याचा पंखा गिरणीसारखा घरघरायचा. उन्हाळ्यात पाबळच्या शिबिरात प्रांजल कोडिंग शिकून आली होती, आणि तेव्हापासून तिचे हात शिवशिवत होते.

"आपण चाळण करू," ती म्हणाली. "जाहिरात तेवढी बाजूला पडेल आणि खरी कमेंट पुढं जाईल."

"पण चाळणीला जाहिरात कळणार कशी?" शितलनं विचारलं.

"सोप्पंय," सुमित म्हणाला. "जाहिरातवाला फोन नंबर दिल्याशिवाय राहतच नाही. नंबर दिसला की उडव."

"सुम्या, तुझं डोकं कधी कधी चालतं हं."

"कधी कधी म्हंजी?"

"म्हणजे आज."

सबंध दिवस तिघं कॉम्प्युटरला चिकटून बसली. दोनदा चाळण बिघडली, एकदा तिनं सुमितचीच कमेंट उडवली, आणि शितल म्हणाली की हे काही बिघडल्याचं लक्षण नाही. संध्याकाळी मात्र ब्लॉग धुतल्यासारखा स्वच्छ दिसायला लागला. प्रांजलला त्या रात्री आनंदानं झोप लागेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं डेअरीवर ऐटीत उभी होती, तेवढ्यात गिताबाई धापा टाकत आल्या. त्यांचं रान रंगुबाईच्या झेंडूला लागूनच होतं.

"आरं, रंगुबाई झेंडूत कशी काय गेली? बांधावरच्या आंब्याखाली बिबट्याची मादी बसलीया. मी तांबडं फुटतानाच ब्लॉगवर लिवलं की."

"आजीनं सांगितलं म्हणून मी सकाळी बघितलं," शितलचा चेहरा पांढरा पडला. "काहीच नव्हतं, मावशी. मीच म्हटलं, जा म्हणून."

"नव्हतं कसं? चांगलं नाव घालून, खाली नंबर टाकून लिवलंय."

नंबर! लग्नाची पत्रिका असो नाहीतर हरवलेली शेळी असो, खाली मोबाईल नंबर असल्याशिवाय इथं कुणी बातमी खरी मानत नाही. जाहिरातीबरोबर चाळणीनं गिताबाईंची कमेंटही गिळली होती.

डेअरीत एक माईक होता. त्याचा भोंगा पार नदीपर्यंत ऐकू जाई, आणि त्यावर आप्पांशिवाय कुणी बोलत नसे. प्रांजल आत घुसली आणि तिनं बटण दाबलं.

"रंगूआज्जी, मी प्रांजल बोलतेय. वाकू नका, ताठ उभ्या राहा. आंब्याखाली बिबट्या आहे. पळू नका, पाठ दाखवू नका. तोंड आंब्याकडं ठेवून हळूहळू रस्त्याकडं सरका. माणसं ट्रॅक्टर घेऊन निघालीत."

माणसं तिचं ऐकून खरोखरच निघाली. प्रांजल माईकवर तेच तेच सांगत राहिली. तिचा आवाज एकदाही कापला नाही.

ट्रॅक्टर परतला तेव्हा रंगुबाई ट्रॉलीत बसल्या होत्या, मांडीवर अर्धी भरलेली फुलांची पाटी घेऊन. "भोंग्यातनं आप्पाच्या जागी पोरीचा आवाज आला," त्या म्हणाल्या, "मला वाटलं, चेअरमन बदलला का काय." आणि त्यांनी शितलला जवळ ओढून घेतलं.

सगळे हसले. गिताबाई मात्र हसल्या नाहीत. "कमेंट दिसंना तवा कुणाला तरी इचारावं म्हटलं," त्या म्हणाल्या. "ब्लॉग पोरांचा हाय येवढं ठावं, पन त्यावर ना कुणाचं नाव, ना नंबर. फोन लावू कुणाला?"

'पोरीचं नाव नेटवर नको' असं प्रांजलच्या बाबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

दुपारी वनखात्यानं आंब्याजवळ पिंजरा लावला. आत एका वेगळ्या खणात शेळी बांधली. तिघं लांब रस्त्यावर उभं राहून बघत होती.

"यात बिबट्याच अडकतो," सुमित म्हणाला. "माणूस का नाही अडकत?"

"शेळी बघून तू आत शिरशील का?" शितल म्हणाली. "तुझ्यासाठी वडापाव ठेवावा लागेल."

प्रांजल गर्रकन वळली. "शितल, परत बोल."

"वडापाव?"

"त्याच्या आधीचं. अगं, जाहिराती माणूस लिहीतच नाही. मशीन लिहितं. आणि मशीनला रिकामा चौकोन मिळाला की ते भरतंच, बिबट्या शेळीवर जातो तसं. आपण नंबर कशाला शोधत बसायचं? कमेंटच्या पानावर एक जादा चौकोन ठेवू, पण पडद्यावर दिसणार नाही असा लपवून. माणसाला तो दिसणारच नाही, मग भरेल कोण?"

"मशीन," सुमित हळूच म्हणाला.

"हो, ते पडदा बघतच नाही, पानामागचा कोड वाचतं. आणि यावेळी काहीही पुसायचं नाही. चौकोन भरला की कमेंट पिंजऱ्यात. पिंजऱ्यात पडलेलं सगळं वेगळ्या पानावर ठेवायचं आणि आपण आळीपाळीनं तपासायचं. चुकून माणूस अडकलाच, तर दार उघडता आलं पाहिजे."

रविवारी मीटिंगला सगळी वस्ती डेअरीसमोर जमली. सुमितनं ब्लॉग उघडून मोबाईल सगळ्यांत फिरवला. वर गिताबाईंनी परत लिहिलेली कमेंट होती, नंबरासकट. त्याखाली पाटसच्या एका ट्रॅक्टरवाल्यानं फाट्याजवळ दिसलेल्या बछड्याबद्दल लिहिलं होतं. रमीचा पत्ता नव्हता. मग शितलनं पिंजऱ्याचं पान उघडून दाखवलं. ते जाहिरातींनी नुसतं खचाखच भरलं होतं.

"पण एक सांगायचं राहिलं," प्रांजल गोड आवाजात म्हणाली. "या महिन्यात ब्लॉगचे वाचक एकदम कितीतरी पट वाढलेत. कुणाची करामत आहे, कळेना."

आप्पांची छाती फुगली. "माझी," ते म्हणाले. "पाटसच्या कार्यक्रमात म्या सांगून बसलो, आमच्या ब्लॉगला लाखभर वाचक हायत. मग घरी येऊन एका साइटवर पत्ता टाकला. 'फुकटात वाचक वाढवा' म्हनत व्हती ती."

"ते वाचक नव्हते, आप्पा. ती मशीनं होती. तुम्ही त्यांना आपल्या घराचा पत्ता दिलात."

आधी रंगुबाई हसल्या. मग सगळी डेअरी हसली. आप्पांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि टोपी परत घातली.

"चुकलंच माझं," ते म्हणाले. "म्या गावभर बडाया मारल्या, आन् ह्या लेकरांनी गाव राखलं. ब्लॉग बंद हुणार न्हाई. आन् प्रांजल, परत कवा बिबट्या दिसला तर भोंग्याला माझी परवानगी मागत बसू नगंस."

"रमीचं पण नाही ना विचारायचं?" सुमितनं विचारलं. शितलनं त्याच्या पायावर पाय दिला.

संध्याकाळी प्रांजल घरी आली तेव्हा बाबा ओट्यावर बसून ठिबकच्या नळ्या गुंडाळत होते. आई लसूण सोलत होती. सकाळपासून येणारा-जाणारा पोरीचं कौतुक करत होता, त्यामुळं दोघंही उगाच गंभीर चेहरा करून बसले होते.

"आई, बाबा," प्रांजल म्हणाली, "मी ठरवलंय. ब्लॉगवर माझं नाव टाकणार आहे. पूर्ण नाव, गावासकट."

बाबांचे हात थांबले. "मी सांगितलं हुतं ना, नेटवर..."

"सांगितलं होतं, म्हणूनच विचारत नाही, सांगतेय. पिंजरा मी केलाय. उद्या त्यात कुणाची खरी कमेंट अडकली, तर गितामावशींना जाब विचारायला माणूस पाहिजे. तो माणूस मी आहे. आणि खाली फोन नंबर लागतोच, तर तो तुमचा टाकतेय, बाबा. रात्री-अपरात्री वाजला तर मला उठवा."