एकाच तळाच्या दोन बरण्या

"तुमच्यातलं कुणीतरी धादांत खोटं बोलतंय!" वाळूचा ठेकेदार फोनवर ओरडत होता.

प्रयोगशाळेच्या प्रमुखबाईंनी फोन आपटला. टेबलावर दोन बरण्या होत्या. दोन्हींवर जागा एकच: वाळू उपसणाऱ्या यंत्राच्या खालच्या अंगाचा नदीचा तळ. एकीत नुसत्या लाल अळ्या. दुसरीत गाळ, आणि त्यावर दगडाला चिकटून राहणारे चपटे किडे. भिंगाखाली त्यांचे पिसासारखे कल्ले लख्ख दिसत होते.

अळ्यांची बरणी मासोळीची. ही सहकारी सदान्‌कदा पाण्यात, म्हणून हे नाव. किड्यांची बरणी बाईंच्या वडिलांची. अख्खी हयात त्यांनी नदीत नमुने गोळा करण्यात घालवलेली. मासोळी खरी ठरली तर उपशानं नदी बिघडली, म्हणजे उपसा बंद. वडील खरे ठरले तर मासोळीची नोकरी गेली. बाईंनी सकाळीच तिला सगळ्यांसमोर 'खोटारडी' म्हणून झाडलं होतं. बाप खोटं कसं बोलेल, नाही का?

"नमुना कुठून घेतलास?" बाईंनी मासोळीला विचारलं.

"यंत्राच्या खालून. मांडीभर गाळात उभी राहून."

"मग बाबांना तिथेच किडे कसे मिळाले?"

"त्यांनाच विचारा ना, बाई." ती गाळानं माखलेले बूट धुवायला निघून गेली.

वडील खिडकीशी बसले होते.

"बाबा, नमुना कसा घेतलात?"

"नेहमीसारखा. जाळी धरली, समोरचे दगड पायानं चोळले, सुटलेले किडे वाहत जाळीत आले. आता बापाची परीक्षा घेतेस होय?"

बाई स्वतः नदीवर गेल्या. यंत्राच्या खाली तळात काठी खुपसली. अर्धीअधिक काठी आत गेली, तरी दगड लागेना. 

परत आल्यावर त्यांनी वडिलांना एकटं गाठून दार आतून लावलं.

"तिथे दगडच नाहीत, बाबा. सगळे गाळाखाली गेलेत. तुम्ही चोळले कुठले? फटी बुजल्या की या किड्यांना थारा राहत नाही, कल्ले गाळानं भरतात. लाल अळ्या तेवढ्या तगतात. तुमच्या किड्यांचे कल्ले स्वच्छ आहेत. ते यंत्राच्या वरच्या अंगाचे, जिथे गाळ पोचत नाही. बरणीत गाळ तुम्ही मागाहून टाकलात."

वडिलांनी आपली बरणी हातात घेतली.

"मागच्या खेपेला तिथे कमरेपर्यंत रुतलो. पाचावर धारण बसली. लहान पोरासारखा ओरडलो गं. मासोळीनं ओढून काढलं. कुणाला सांगू नकोस म्हटलं, तर तिनं खरंच सांगितलं नाही. परत तिथे उतरायची छाती होईना. तुला कोणत्या तोंडानं सांगणार?"

"आणि तिची नोकरी जाताना बघत बसलात?"

वडिलांनी तोंड फिरवलं.

आपलेच दात, आपलेच ओठ! बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. लबाडी वडिलांची होती, पण पोरीला चारचौघांत झाडणारं तोंड बाईंचं स्वतःचं होतं.

त्यांनी सगळ्यांना बोलावलं. वडील उभे राहिले. "खोटा नमुना माझा," एवढंच कसंबसं म्हणाले. मान काही वर होईना.

"मासोळी, मी सकाळी तुला..." बाई म्हणू लागल्या.

मासोळीनं बाईंकडे पाहिलंसुद्धा नाही. कोपऱ्यातलं स्टूल ओढून तिनं वडिलांच्या मागे ठेवलं.

"बसा काका," ती म्हणाली. "पाय थरथरताहेत तुमचे."