डावीकडे ठेवलेला चिमटा

हे खरंच घडलंय. कुणाला पटवून देण्याची मला हौस नाही. ओळखीतल्या ज्या ताईच्या बाबतीत घडलं, तिलाही ती नाही.

वेळ भर दुपारची. जागा, तिच्या घरातली रस्त्याकडची खोली.

तिथे वडिलांचं टेबल होतं, छातीपर्यंत उंच. वर हिरवं रबर, कडेला पट्टी, म्हणजे स्क्रू घरंगळून जाऊ नयेत. हौस म्हणून घड्याळं दुरुस्त करायचे ते. गेले तेव्हा आईचं मनगटी घड्याळ अर्धवट उघडं राहिलं. सुटे भाग काचेच्या घुमटाखाली, काढले त्या क्रमाने मांडलेले.

उलट क्रमाने जोडत यायचं, एवढंच ताई त्यांच्याकडून शिकली होती.

ते घड्याळ चालू करून आईच्या हातात बांधायचं, म्हणून ती जेवणं आटोपली की तिथे बसायची. उठताना चिमटा आणि स्क्रूड्रायव्हर उजवीकडे ठेवायची, वडील ठेवायचे तसेच.

दुसऱ्या दिवशी सगळं... डावीकडे.

घरात डावखुरा एकच. धाकटा भाऊ.

त्याला ती खोली हवी होती, हे काही लपून नव्हतं. ताईने आडून विचारलं. तो हसला. असली बारीक कामं करायला माझ्यात बाबांइतका धीर असता तर आईला अजून काय हवं होतं, म्हणाला.

ताईने खोलीला कुलूप घातलं. किल्ली उशीखाली.

तरीही... डावीकडे.

आणि घुमटाखालचं एक चाक घड्याळात बसलेलं. अचूक.

आता तिला राहवलं नाही. जेवताना, आईच्या देखत, ती बोललीच.

"बाबांच्या वस्तूंना हात लावायचा तर समोर लाव. चोरून कशाला?"

भाऊ भरल्या ताटावरून उठला. बॅग भरून मित्राकडे राहायला गेला. आईने त्या दिवसापासून घड्याळाचं नावच टाकलं.

पुढे एका दुपारी ताईने कुलूप काढलं.

चिमटा डावीकडे. शेजारी डोळ्याला लावायचं भिंग.

भिंगावर... वाफ धरली होती. डोळ्यावरून नुकतंच उतरवावं तशी.

बघता बघता विरून गेली.

ताईने तिथूनच भावाला फोन लावला. चुकलं माझं, घरी ये, एवढंच म्हणाली. तो म्हणाला,

"येतो, ताई. पण आधी तो फुगा खाली ठेव. फुसफुस कानात येतेय नुसती."

धूळ उडवायचा रबरी फुगा टेबलावरच होता.

ताईचा दुसरा हात रिकामा होता.

ती बाहेर आली. कुलूप लावून उंबऱ्यापाशीच बसून राहिली, संध्याकाळी भाऊ येईपर्यंत. मग दोघं मिळून आत गेली.

घुमट रिकामा. घड्याळाचं झाकण लागलेलं, आणि ते चालू.

"जमलं की गं तुला!" भाऊ म्हणाला, आणि घड्याळ घेऊन आईकडे गेला.

आईने ते बांधलं. कितीतरी दिवसांनी दोघांना शेजारी बसवून वाढलं. ते बघून ताई काही बोलली नाही.

घरात आजवर बोललेली नाही.

जेवताना भाऊ अजून आईच्या मनगटाकडे कौतुकाने बघतो.

आणि ताई... त्याच्या डाव्या हाताकडे.