राईच्या कडेला आठशे बूट

"बूट काढायचे नाहीत! राईच्या कडेला कोणीही, कोणीही बूट काढायचे नाहीत!" राऊतबाई लाउडस्पीकरवरून चौथ्यांदा ओरडल्या, आणि समोर उभ्या असलेल्या चारशे धावपटूंनी चौथ्यांदा "होय बाई" म्हटलं.

खरं तर इथेच त्यांना संशय यायला हवा होता. साताऱ्याकडून येऊन पस्तीस वर्षं तळेकातळच्या शाळेत पी.टी. शिकवलेल्या बाईला इथला 'होय' कळू नये म्हणजे कमाल झाली. इथे माणसाला वाद नको असला की तो 'होय' म्हणतो आणि मग त्याला करायचं तेच करतो.

शिट्टी वाजली. चारशे माणसं सड्यावर सुटली. सडा म्हणजे गावामागचं जांभ्या दगडाचं सपाट पठार, दोनशे एकरांचं. ऑक्टोबरात त्याच्यावर तेरड्याचा जांभळा गालिचा असतो आणि मधल्या डबक्यांत बेडकांची पिल्लं.

प्रत्येकाच्या बुटाच्या तळाशी एक पातळ पट्टी होती. सरकारी कागदात तिचं नाव 'भूस्पंद वाचक', गावात नुसतं 'पट्टी'. पाऊल आपटलं की जमिनीत हलका धक्का जातो आणि आतली मुळं, गांडुळांची बिळं, ओलावा यांच्यावर आदळून त्याचा पडसाद परत येतो. तो पट्टी ऐकते. डॉक्टर छातीवर बोट ठेवून टकटक करतात ना, तसंच. तासाभरात अख्ख्या सड्याची तब्येत कळते. जिवंत माती नकाशावर हिरवी दिसते, दमलेली पिवळी आणि जिथून पडसादच आला नाही ती करडी. करडी म्हणजे मेलेली.

कल्पना झकास होती, त्यात वादच नाही. सात वर्षांपूर्वी चिरेखाणीसाठी सड्यावर अर्ज पडला होता, आणि त्याच वर्षी 'जिवंत जमीन' नियम आला. गावाने दरवर्षी मैदानी स्पर्धा भरवायची, पावलांनी जमीन तपासायची, ती जिवंत निघाली तर खाणीला परवानगी नाही. बाईंनी निवृत्तीनंतर ही दौड उभी केली. पण नियमात एक ओळ होती: सलग तीन वर्षं शंभरात दोन एकरांहून जास्त जमीन करडी आली तर संरक्षण रद्द.

पावणाईची राई, म्हणजे देवीच्या नावाने राखलेलं रान, सहा एकरांची. दोनशेतले सहा, हिशेब करा. आणि गेली दोन वर्षं ती करडी येत होती, कारण राईच्या कडेला आला की माणूस बूट काढतो. पट्टी बुटात, बूट बाहेर, माणूस आत. आधी दौडीची वाट राईला वळसा घालून जायची. मग मोजणी केंद्रांच्या मुख्यालयाने संपूर्ण क्षेत्रावरून धावण्याची सक्ती केली आणि घोळ झाला. बाईंनी मुख्यालयाला पत्र लिहिलं की साहेब, तिथे माणसं अनवाणी जातात, ती जमीन मेलेली नाही, गावात सगळ्यात जिवंत तीच आहे. उत्तर आलं: 'स्पर्धकांस पादत्राणे न काढण्याच्या सूचना द्याव्यात.' बाईंनी ते पत्र वाचून चहाचा कप इतक्या जोरात ठेवला की कान तुटला.

हे तिसरं वर्ष.

"बाई," तंबूतून तेजलने हाक मारली. तेजल नागवेकर जिल्ह्याच्या मोजणी केंद्रातली तंत्रज्ञ, टॅबलेटवर नकाशा बघत बसली होती. "वाट थोडी पिवळी, बाकी सगळं हिरवं येतंय. पण राई... करडी."

"अगं चारशे माणसं आत्ता तिथे पोचलीत!"

"हो. आणि चारशे माणसं तिथेच गायब झालीत."

बाईंनी तेजलला मागे बसवलं आणि स्कूटर सड्यावरून उधळली. राईच्या कडेला त्यांनी जे पाहिलं त्याने त्यांचं डोकंच फिरलं. जोडीला जोड लावून आठशे बूट, लग्नाच्या मांडवाबाहेर असतात तसे. गावच्यांचं समजू शकतो, पण पुण्याहून आलेले, कोल्हापूरहून आलेले, पाच हजारांचे बूट घालणारे! पुढच्याने काढले म्हणून मागच्याने काढले.

"अरे काय म्हणावं तुम्हाला!" बाई ओरडल्या. "घसा फोडून सांगितलं ना? 'होय बाई, होय बाई'! कसलं डोंबलाचं होय?"

राईतून भिकाजी गुरव बाहेर आले. पावणाईची पूजा त्यांच्याकडे. सत्तरीचा माणूस, पण चाल तरुणाची.

"बाई, वायच दमान घेवा."

"दमानं? बारा वाजता नोंद बंद होते, भिकाजी. आता साडेदहा झाले. पुढच्या महिन्यात इथे चिरे कापायची यंत्रं येतील, तेव्हा त्यांच्या ड्रायव्हरला सांगा बूट काढायला!"

"ता खरा. पण तुमी तरी खंय घातलात?"

बाईंनी खाली पाहिलं. त्यांच्या चपला स्कूटरजवळ नीट जोडून ठेवलेल्या होत्या. कधी काढल्या ते त्यांनाही कळलं नव्हतं. त्या मटकन दगडावर बसल्या आणि त्यांना स्वतःचाच भयंकर राग आला.

तेजलनेच तोडगा काढला. पट्टी बुटातून उपसून अनवाणी तळव्याला बांधली तरी चालेल. पट्टीला पाऊल हवं, बूट नको. झालं, त्यावर लगेच सभा भरली! पट्टी म्हणजे पायताण की नाही?

"रबर आहे हो नुसतं," बाई म्हणाल्या.

"चप्पलय रबराचीच आसता," गर्दीतून कोणीतरी म्हणालं.

बाई उठून त्या आवाजाकडे निघाल्या तसे भिकाजी मध्ये आले. "पायाक लागला तर फडको बांधून रायीत जातंवच ना? तसा बांधा. जखमेक देवी नाय म्हणणा नाय."

चाळीस जणांनी पट्ट्या बांधल्या. कोणी रुमालाने, कोणी बुटाच्या नाडीने. ते राईत शिरले आणि धावले. आतल्या पाचोळ्यावर पावलांचा आवाजसुद्धा होत नव्हता.

तेजल टॅबलेटकडे बघत होती. बघता बघता ती उभी राहिली.

"निळं," ती म्हणाली. "बाई, हा रंग मी प्रशिक्षणात पाहिला होता, प्रत्यक्ष कधीच नाही. पट्टी इथे दहा-बारा फूट खोलवर ऐकतेय. माती अजिबात दबलेलीच नाही. शेकडो वर्षं कोणी इथे जोराने पाऊलच टाकलेलं नाही."

बाईंनी तिला मिठी मारली. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पुसलंही नाही. "पाठव! लगेच पाठव मुख्यालयाला!"

उत्तर यंत्राकडूनच आलं, दोन मिनिटांत. तेजलने ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि टॅबलेट बाईंच्या हातात दिला.

'राई क्षेत्र: अतिजिवंत. अभिनंदन. अतिजिवंत दर्जासाठी पुढील वर्षापासून या क्षेत्रात किमान पाचशे धावपटूंची नोंद अनिवार्य. अट मान्य असल्यास संपूर्ण सड्याला दहा वर्षांचे संरक्षण. अमान्य असल्यास आजची नोंद रद्द.'

"रद्द म्हणजे करडी?" बाईंनी विचारलं.

"करडी."

"आणि पाचशे माणसं धावली तर?"

तेजलने सड्याचे आजवरचे नकाशे एकामागून एक उघडले. सात वर्षांची दौडीची वाट त्यांवर पिवळी दिसत होती. पहिल्या वर्षी दोऱ्याएवढी, आता बोटभर रुंद. "मी दरवर्षी अहवालात लिहिते," ती म्हणाली. "कोणी वाचत नाही. राईची माती तर लोण्यासारखी मऊ आहे. चार-पाच वर्षांत पिवळी होईल."

"अरे मग ही काय थट्टा आहे?" बाईंचा आवाज फाटला. "जी माती कोणी तुडवली नाही म्हणून जगली, ती तुडवून दाखवा म्हणजे जगू देतो? कुठल्या शहाण्याने लिहिला हा नियम?" त्यांनी मुख्यालयाला फोन लावला. रविवार होता. फोनवर एक ध्वनिमुद्रित गोड आवाज सांगत होता की आपला कॉल महत्त्वाचा आहे. बाईंनी सहा वेळा लावला. सहाही वेळा तो महत्त्वाचाच होता.

बाराला सात मिनिटं राहिली. भिकाजी शेजारी उभे होते. त्यांना टॅबलेटवरचं वाचता येत नव्हतं, पण ऐकलेलं सगळं कळलं होतं.

"दुसरा काय नाय?" त्यांनी विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "वर्षभर भांडता येईल. पण आत्ता नाही." आणि त्यांनी 'मान्य' दाबलं.

टॅबलेटवर सडा कडेपासून कडेपर्यंत उजळला. गर्दीने ते पाहिलं आणि एकच जल्लोष झाला. बाईंचा एक जुना विद्यार्थी अनवाणीच धावत आला आणि त्यांच्या पाया पडला.

"बाई, वाचलो! सडो वाचलो! रायय वाचली!"

भिकाजी राईकडे बघत होते. त्यांनी मान वळवली आणि अगदी हळू विचारलं, "कोणापासून, बाई?"