ऑर्विल पाठमोरा असताना

सकाळी साडेनऊ वाजता मिरजेच्या एका मंगल कार्यालयात एकशे बारा माणसं एकदम हसली. ऐकू मात्र कुणालाच काही आलेलं नव्हतं.

समोरच्या पडद्यावर जुनी कृष्णधवल मालिका चालू होती. धुळीनं माखलेली घोड्यांची डाकगाडी येऊन थांबली. तिच्यामागून आलेला रुबाबदार फौजदार घोड्यावरून खाली उतरला. एका थोराड माणसानं त्या घोड्याचा लगाम हातात घेतला आणि प्रेक्षकांकडे पाठ करून तो घोड्याला पाण्याकडे नेऊ लागला. एवढंच दृश्य. स्पीकरच्या वायरीसुद्धा जोडलेल्या नव्हत्या. खुर्च्यांवरची मंडळी साठी ओलांडलेली, प्रत्येकाच्या कपाळावर करड्या रंगाची शिरपट्टी, कुणाच्या हातात पोह्यांची बशी. तो पाठमोरा माणूस चार पावलं चालला आणि सगळा हॉल खो-खो हसत सुटला.

शर्वी नलावडेनं चित्र थांबवलं. पुण्याच्या एका ध्वनिप्रयोगशाळेत हरवलेले आवाज परत मिळवणं हे तिचं काम. या कामात आपला हात धरणारं कोणी नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं आणि ते ती लपवतही नसे.

"काका, आत्ता कशाला हसलात?" तिनं पहिल्या रांगेतल्या दस्तगीर बागवानांना विचारलं. तीस वर्षं एसटी चालवून ते निवृत्त झाले होते.

"कशाला म्हंजे? ऑर्विल बोलला की! 'फौजदारसाहेब, घोडा दमलाय. तुम्ही कसं दमणार, तुम्ही बसून आलाय!'"

अख्खी रांग पुन्हा हसली. शर्वीनं हातातल्या टॅबलेटवर मूळ इंग्रजी संहिता उघडून पाहिली. त्या दृश्यात ऑर्विलच्या तोंडी एकही वाक्य नव्हतं.

गोष्ट बावन्न वर्षांपूर्वीची. १९९४ साली मिरजेतल्या एका केबलवाल्यानं ही अमेरिकन मालिका कुठूनशी पैदा केली, चार हौशी माणसांकडून ती मराठीत वदवून घेतली आणि 'सोनखिंडीचा फौजदार' या नावानं दर रविवारी दाखवली. पुढं लग्नसराई आली आणि कोऱ्या टेप मिळेनात. मग या बहाद्दरानं त्याच टेपांवर गावातली लग्नं उतरवून घेतली. परदेशातल्या मूळ प्रतीत चित्र शाबूत राहिलं, मराठी आवाज मात्र अक्षतांखाली गाडला गेला.

तरीही लोकांच्या डोक्यातून मालिका गेली नव्हती. गंमत अशी, की फौजदाराचं नाव एकशे बारांपैकी जेमतेम वीस जणांना आठवलं. दात उपटणारा न्हावी, खाणावळवाली विधवा, तिच्या हातची भाकरी खाऊन तिलाच नावं ठेवणारा तारमास्तर, ही मंडळी मात्र घरच्या माणसांसारखी सगळ्यांना पाठ होती. (मूळ कथेत भाकरी कुठून येणार, हे विचारायचं नसतं.) सगळ्यांत लाडका होता ऑर्विल, डाकगाडीच्या टप्प्यावर घोडे बदलणारा. रविवारी दुपारी पोरं मोकळ्या मैदानात खेळायची तेव्हा टिकल्यांचं पिस्तूल ज्याच्या मालकीचं तो फौजदार, हे ठरलेलंच होतं. खरी मारामारी व्हायची ती ऑर्विल कोण यावरून. दस्तगीरच्या वडिलांचा टांगा होता, म्हणजे घरी जिवंत घोडा, त्यामुळे हा मान बहुतेक वेळा त्यालाच मिळायचा.

शर्वीची पद्धत समजायला सोपी होती. ओळखीचं दृश्य आवाजाविना पाहिलं, की मेंदू त्या जागी होता तो आवाज आपसूक वाजवू लागतो. त्या हालचालीच्या बारीक लहरी शिरपट्टी टिपते. एका माणसाच्या लहरींत गोंगाटच फार, पण शंभरांच्या लहरी एकावर एक ठेवल्या, की ज्याच्या त्याच्या चुका एकमेकींना खोडतात आणि सगळ्यांत सारखं असलेलं तेवढं उरतं. शब्द उरतात, आणि माणसं पुरेशी असली तर आवाजाचा पोतही उरतो. या पद्धतीला तिनं 'अपेक्षाश्रवण' असं नाव दिलं होतं.

हे सगळं मालिकेच्या प्रेमापोटी चाललं नव्हतं. शेवटच्या रांगेत गळ्याभोवती मफलर गुंडाळून मधुसूदन कर्पे बसले होते. वय ब्याऐंशी. जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून नोकरी केलेला हा माणूस एके काळी रविवारच्या रविवारी मराठीतल्या ऑर्विलचा आवाज व्हायचा. तीन वर्षांपूर्वी कर्करोगामुळे त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं. डॉक्टरांनी गळ्यावर कंठयंत्र बसवून दिलं. ओठांची आणि गळ्याच्या स्नायूंची हालचाल वाचून ते बोलायचं, पण त्याला शिकवायला मिळाल्या त्या फोनमधल्या शेवटच्या काही वर्षांच्या नोंदी, म्हणजे आजारानं चिरकलेला आवाज. त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाईंनी तो दोन दिवस ऐकला आणि तिसऱ्या दिवशी यंत्र कपाटात ठेवून दिलं.

"तो दुखणाईत माणूस मला घरात नको," असं त्यांनी शर्वीला फोनवर सांगितलं होतं. "ह्यांचा धडधाकट आवाज मिळतो का बघ. मिरजेतल्या निम्म्या माणसांच्या कानात तो अजून असेल."

कंठयंत्राला नवा आवाज शिकायला वीस मिनिटांचं बोलणं लागे. संहितेप्रमाणे सगळ्या मालिकेत मिळून ऑर्विल बोलत होता साडेतीन मिनिटं.

शर्वीचा नियम कडक होता. संहितेत नाही ते भ्रम समजायचं आणि गाळायचं. "चहा पिताना एकानं काही सांगितलं असेल, बाकीच्यांनी मान डोलावली असेल," ती मंदाकिनीबाईंना म्हणाली. "आठवणी अशाच बाटतात." तरी खात्री करावी म्हणून दुसऱ्या दिवशी तिनं वीस जणांना एकेकटं बसवलं. त्यात पुण्याला आणि बेळगावला स्थायिक झालेले, एकमेकांना न ओळखणारेही होते. पाठमोरा ऑर्विल घोड्याला पाण्यावर नेऊ लागला, की वीसच्या वीस जणांच्या डोक्यात, तुटक का होईना, तेच वाक्य उमटे. शिवाय त्या आवाजात थंडीतल्या सकाळचा किंचित खरखरीतपणाही सारखाच होता. भ्रम एवढे शिस्तीचे नसतात.

तिनं ते भाग पुन्हा पुन्हा पाहिले आणि एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. ही जादा वाक्यं येत होती ती नेहमी ऑर्विल पाठमोरा असताना. ती सरळ कर्प्यांकडे गेली.

कर्पे खुर्चीत बसून पडद्याकडे बघत होते. तिचा प्रश्न ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर चोरी पकडल्यासारखं हसू आलं. त्यांनी पाटी मागितली आणि सावकाश लिहिलं, 'तोंड दिसत असलं की ओठांशी जुळवावं लागायचं. पाठ दिसली की मी मोकळा. घोड्यांच्या माणसाची पाठच जास्त दिसते.'

"म्हणजे ही सगळी वाक्यं तुमच्या मनची?"

'तो बिचारा गप्पच असायचा. मला वाईट वाटायचं,' कर्प्यांनी लिहिलं.

मंदाकिनीबाई शेजारी उभ्या राहून वाचत होत्या. "ऐका!" त्या शर्वीला म्हणाल्या. "त्या घोडेवाल्याचं वाईट वाटायचं म्हणे ह्यांना. घरात ह्यांचा आवाज मी ऐकला तो 'मीठ कमी आहे' आणि 'किल्ली कुठंय' एवढ्यासाठी. रविवारी केबल लावून बसायचे मी, नवरा काय बोलतो ते ऐकायला!"

बोलल्या त्या चेष्टेत, पण डोळे भरून आले होते. कर्पे पाटी पुसत राहिले.

नियम बदलायला शर्वीला अर्धं मिनिटही लागलं नाही. संहितेच्या जागी तिनं खुद्द कर्प्यांना प्रमाण मानलं. दोन दिवस तिनं त्यांना प्रत्येक वाक्य ऐकवलं आणि ते 'माझं' किंवा 'माझं नाही' अशी बोटानं खूण करत गेले. बहुतेक सगळी वाक्यं त्यांचीच निघाली. गोळा झालेला आवाज पंधरा मिनिटं पन्नास सेकंदांचा भरला. जाड, घसघशीत, तिशीतला आवाज. दस्तगीरभाईंनी तो ऐकला तेव्हा सत्राला आलेल्या सगळ्या मंडळींसमोर हा दांडगा माणूस मुसमुसून रडला.

तरी चार मिनिटं कमी पडत होती.

ती चार मिनिटं आणि थोडी वर मालिकेच्या एकोणिसाव्या भागात सापडली. म्हातारी घोडी मरते तो प्रसंग. कॅमेरा फक्त घोडीवर रोखलेला, ऑर्विल चौकटीत दिसतही नाही. मूळ ध्वनिफितीत तिथं नुसता वारा वाहत होता. पण एकशे बारांपैकी सत्त्याण्णव जणांच्या मेंदूत त्या वाऱ्याच्या जागी ऑर्विल बोलत होता, थांबत, शब्द शोधत, सव्वाचार मिनिटं. "जा बाई आता. लई चाललीस. तुझ्या जोडीला कोण न्हाई असं समजू नको, मी हाय. पुढची गाडी मी बघतो..."

कर्प्यांनी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. मग पाटीवर लिहिलं, 'हे माझं नाही.'

"विसरला असाल. पन्नास वर्षं झाली," शर्वी म्हणाली.

त्यांनी जोरात मान हलवली. 'दवाखान्यात जनावरं मरताना रोज बघायचो. तिथं काय बोलावं ते कधी सुचलं नाही. त्या दिवशीही सुचलं नाही. माईकसमोर गप्प उभा राहिलो.'

दस्तगीरभाई मागं उभे होते. "गप्प? कर्पेमामा, मी ऐकलंय की हो! माझ्या वडलांचा घोडा गेला तवा मी त्याच्या कानात हेच बोललो होतो. ऑर्विल बोलला तसंच."

शर्वी खाली बसली. हे तिच्या कोणत्याच सूत्रात नव्हतं. एक माणूस जिथं गप्प बसला होता तिथं सत्त्याण्णव माणसांनी, एकमेकांना न विचारता, त्याला बोलतं केलं होतं, आणि तो बोललाही असता तर असंच बोलला असता, अशा खात्रीनं. शब्द थोडेफार वेगळे होते. स्वर मात्र तंतोतंत एक.

आडपडदा ठेवणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिनं दोघांना समोर बसवून सांगितलं, "सोळा मिनिटांवर यंत्र अडखळेल. ही सव्वाचार मिनिटं घातली तर अस्खलित बोलेल. पण कंठयंत्र नुसता आवाज शिकत नाही, बोलण्याची ढबही शिकतं. गळ्याची हालचाल अर्धवट असली की फोन जसा पुढचा शब्द सुचवतो, तसं ते उरलेलं वाक्य स्वतः पुरं करतं. ते कसं करायचं हे आता ते या मिनिटांतूनही शिकेल. लोकांना आठवणारा ऑर्विल तुमच्यापेक्षा मायाळू आहे, काका. तो तुमच्या गळ्यात येईल."

"मला परका माणूस घरात नको," मंदाकिनीबाई चटकन म्हणाल्या.

कर्प्यांनी बायकोकडे पाहिलं, खडू उचलला आणि पाटीवर एकच शब्द लिहिला. 'घाल.'

आठवड्याभरानं शर्वी त्यांच्या घरी गेली. ब्राह्मणपुरीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, उन्हाचा पट्टा पार देव्हाऱ्यापर्यंत आलेला. तिनं कंठयंत्राची चकती कर्प्यांच्या गळ्यावर बसवली आणि तपासणीचा छोटा पडदा मांडीवर घेतला. कर्प्यांच्या गळ्यातून आलेले शब्द त्यावर पांढरे दिसत आणि यंत्रानं जोडलेले पिवळे. मंदाकिनीबाई स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभ्या होत्या. त्या बसायला तयार नव्हत्या.

कर्प्यांनी ओठ हलवले.

"मंदा, बस जरा. सकाळपासून उभी आहेस. दमली असशील."

घसघशीत, तिशीतला आवाज, आणि त्यात घोडीशी बोलतानाची ती मऊ सावकाशी. मंदाकिनीबाईंनी भिंतीला हात टेकला. पंचावन्न वर्षांत दमणूक हा शब्द या घरात त्यांच्या संदर्भात कधी निघाला नव्हता. त्या हळूहळू येऊन पाटावर बसल्या.

"हे तुम्ही म्हणालात?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. कर्प्यांनी पाटी घेतली आणि लिहिलं, 'मी "मंदा, बस" एवढंच म्हणालो.'

"मग बाकीचं?"

कर्प्यांचं बोट चकतीवरच्या बटणाकडे गेलं. यंत्र बंद करतात की काय, असं शर्वीला वाटलं. बोट बटणावर थांबलं, मग खाली आलं. त्यांनी बायकोच्या डोळ्यांत पाहिलं आणि ओठ हलवले.

"बाकीचं मला म्हणायचं नव्हतं, असं तुला कुणी सांगितलं?"

शर्वीची नजर मांडीवरच्या पडद्यावर गेली. या वाक्यातलं पांढरं किती आणि पिवळं किती, ते तिथं स्पष्ट दिसत होतं. मंदाकिनीबाईंनी तिला बघताना पाहिलं.

"सांगू का, काकू?" शर्वीनं विचारलं.

त्यांनी हात पुढं करून तो पडदा पालथा घातला आणि त्या नवऱ्याकडे सरकून बसल्या.

"नको. ह्यांनी न बोललेल्या वाक्यांवरच तर पंचावन्न वर्षं संसार केला मी," त्या म्हणाल्या. "आता बोलायला लागलेत, तर मोजत बसू?"