साठ हजार काय?

औषधाची बाटली आली, सिरिंज आली, पण बगळा काही जागचा हलेना.

"किती मिलिलिटर?" त्यानं पुन्हा विचारलं.

बगळा म्हणजे समुद्रकाठच्या कासव-दवाखान्यातला लांब हातांचा यंत्रमानव. त्याचे हात इथे, पण हिशेब करणारा मेंदू दूर शहरात! वादळानं संपर्क तुटला होता आणि टेबलावरची कासवीण तर तळमळत होती. जाळ्यात अडकून तिचा वल्ह्यासारखा पाय चिरला होता, जखम चिघळत चालली होती. डॉक्टर इंद्रायणी तिला दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या.

"शाल्मली, हिशेब तू मांड. मी तपासते," त्या भाचीला म्हणाल्या. "वजन तीस किलो. दर किलोला वीस मिलिग्रॅम औषध. बाटलीत दर मिलिलिटरला शंभर मिलिग्रॅम."

शाल्मलीनं घाईघाईनं तिन्ही आकडे गुणले. "साठ हजार!"

"साठ हजार काय?" बगळ्यानं विचारलं.

"मिलिलिटर… असतील."

"म्हणजे साठ लिटर!" इंद्रायणीआत्या म्हणाली. "अगं, कासविणीच्या दुप्पट वजनाचं औषध होईल ते!"

शाल्मलीचा चेहरा उतरला. "मग भागू का?"

"अंदाजानं नको. प्रत्येक आकड्याला त्याचं एकक (मोजमापाचं नाव) जोडून लिही."

शाल्मलीनं फळ्यावर लिहिलं:

३० किलो × २० मिलिग्रॅम / १ किलो

"वर किलो, खालीही किलो. दोन्ही कटले! उरले ६०० मिलिग्रॅम." ती थबकली. "पण बगळ्याला तर मिलिलिटर हवेत. मघाशी मी शंभरानं गुणलं, तेव्हा मिलिग्रॅम दोनदा वरच आले. ते कटणार कसे? आत्या, बाटलीवरचं उलटं लिहिलं तर चालेल?"

"का नाही? एका मिलिलिटरमध्ये शंभर मिलिग्रॅम म्हण, नाहीतर शंभर मिलिग्रॅमसाठी एक मिलिलिटर म्हण. औषध तेच."

६०० मिलिग्रॅम × १ मिलिलिटर / १०० मिलिग्रॅम = ६ मिलिलिटर

"सहा मिलिलिटर!" शाल्मली ओरडली.

आत्यानं बाटली आणि फळा पुन्हा नीट वाचला. "बरोबर. एककं कापत कापत हव्या त्या एककापर्यंत पोचायचं. यालाच मितीय विश्लेषण म्हणतात."

बगळ्याचा हात अलगद पुढे झाला. सुई टोचली, तशी कासविणीनं शेपटी हलवली, एवढंच.

जखम हळूहळू भरली. बरी झालेली कासवीण एका सकाळी लाटांत शिरली. तिच्या पाठीवर बसवलेलं यंत्र आता तिचा ठावठिकाणा कळवणार होतं.

"ती लक्षद्वीपकडे निघाली, तर कधी पोचेल गं?" आत्यानं विचारलं.

शाल्मलीनं ओल्या वाळूत बोट टेकवलं. "अंतर किलोमीटरमध्ये. वेग तासाला इतके किलोमीटर. तो उलटा लिहिला, की किलोमीटर कटतील आणि उरतील…" ती समुद्राकडे बघून हसली. "तास! वेग तेवढा कळू दे, मग मी सांगते."