उजव्या हाडाची तक्रार

पुलावर तो तिच्या पुढे निघून गेला, मग वेग कमी करून पुन्हा तिच्या शेजारी आला.

"चढ संपला," तो म्हणाला.

"माहितेय."

"मग बसा ना."

"बसता आलं असतं तर बसले नसते का?"

गेले सहा किलोमीटर ती पॅडलवर उभी राहूनच सायकल चालवत होती. रस्ता सपाट होता, वारा पाठीमागून होता, आणि समोरून येणाऱ्यांना वाटत होतं, बाई कुठलीतरी शर्यत जिंकायला निघालीय. एका आजोबांनी तर थांबून टाळ्या वाजवल्या. तिने मान लववून त्या स्वीकारल्या. खरं कारण रस्त्यात ओरडून सांगण्यासारखं नव्हतं.

त्याने कारण विचारलंच नाही. त्याने तिच्या सीटकडे पाहिलं. फक्त सीटकडे, हे तिने नीट बघून घेतलं.

"उजवीकडे दुखतं?"

ती इतकी दचकली की बसली. आणि बसताक्षणी उठली.

"उजवीकडेच," तो स्वतःशी म्हणाला. "पुलापलीकडे दुकान आहे माझं. माणूस मोजून सीट देतो. गुरुवारी या, गुरुवारी गर्दी नसते."

त्या दुकानात कुठल्याच वारी गर्दी नसते, हे तिला नंतर कळलं.

ती आत्याच्या दातांच्या दवाखान्यात, मागच्या खोलीत, कवळ्या बनवायची. दिवसभर लोकांच्या तोंडाची मापं हातात घेऊन बसायची... म्हणजे हल्ली उभी राहायची. चार महिन्यांपूर्वी तिने निळी, हलकी, वाकड्या हँडलची सायकल घेतली होती. सायकल गुणी होती. सीट मात्र जुनं वैर असल्यासारखी वागायची. तिने जेलचं कव्हर लावून पाहिलं, जाड पॅडची चड्डी घालून पाहिली, आत्याच्या पेशंटांनी सुचवलेली तीन मलमं लावून पाहिली. मलमांनी एवढंच झालं की सीटला चांगला वास यायला लागला.

गुरुवारी ती दुकानात गेली. लांबट, अरुंद खोली. भिंतीवर ओळीने उलट्या टांगलेल्या सीट्स, झोपलेल्या वटवाघळांसारख्या. मधोमध एक बुटकं लाकडी स्टूल आणि शेजारी पुठ्ठ्यांची चळत. फळ्यावर काही पुठ्ठे टाचणीने लावलेले होते, आणि प्रत्येकावर चिठ्ठी: 'मान'. 'डावा गुडघा'. 'दोन्ही मनगटं'. 'सगळंच'.

"ही काय नावं?"

"नावं माझ्या लक्षात राहत नाहीत. दुखणी राहतात."

"'सगळंच' कोण?"

"बँकेत मॅनेजर आहेत. फार सज्जन माणूस."

मग त्याने पद्धत समजावून सांगितली. स्टुलावर पुठ्ठा ठेवायचा, त्यावर बसायचं, जरा पुढे वाकायचं. बैठकीची दोन हाडं पुठ्ठ्यात दोन खळगे पाडतात. त्या खळग्यांमधलं अंतर मोजायचं आणि त्या रुंदीची सीट निवडायची. "लोक लाजतात," तो म्हणाला, "म्हणून आधी मीच बसून दाखवतो."

तो बसला. एखाद्या करारावर सही करावी इतक्या गांभीर्याने बसला. मग दुसऱ्या पुठ्ठ्यावर ती बसली. तेवढ्यात एक बाई बाबागाडीच्या चाकात हवा भरायला आल्या, बाळ रडायला लागलं, पंप सापडेना. या सगळ्या गोंधळातून परत येऊन त्याने एक पुठ्ठा मोजला, त्यावर 'उजवं हाड' अशी चिठ्ठी लावली आणि दुसरा चळतीवर टाकला.

"अकरा सेंटिमीटर," तो म्हणाला. "अंगाच्या मानाने कमी आहे. पण हाडं खोटं बोलत नाहीत."

दुकानाचा नियम साधा होता. एक सीट आठवडाभर वापरायला न्यायची, गुरुवारी परत आणायची आणि काय झालं ते समोर उभं राहून सांगायचं. फोनवर लोक सभ्यपणा करतात, असं त्याचं म्हणणं होतं.

पहिल्या गुरुवारनंतरचा गुरुवार.

"कसं दुखलं? बोचल्यासारखं, घासल्यासारखं की जळजळल्यासारखं?"

"दहा किलोमीटरपर्यंत अपमान केल्यासारखं. नंतर मारहाण."

त्याने वहीत लिहिलं: दहापर्यंत अपमान. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. तिला तो चेहरा आवडला... म्हणजे, वैद्यकीयदृष्ट्या आश्वासक वाटला.

दुसरी सीट मधे फट असलेली होती. तिसरी चामड्याची, दगडासारखी.

"तीनशे किलोमीटरनंतर मऊ पडते," तो म्हणाला.

"सीट की मी?"

"आधी जो हरेल तो."

दर वेळी तो चहा करायचा. दुकानात दोन खुर्च्या होत्या. तिला बसवत नव्हतं म्हणून ती उभी राहायची, आणि ती उभी म्हणून तो. दोन शहाणीसुरती माणसं दोन रिकाम्या खुर्च्यांच्या मधे उभी राहून चहा प्यायची, आणि बोलायची. त्याला पावसाच्या आधीचा वारा हातांच्या केसांवर कळतो म्हणे. ती माणसाच्या दातांवरून सांगू शकते, तो कुठल्या कुशीवर झोपतो.

"मी?"

"हसा बरं जरा."

तो हसला. ती बघत राहिली. गरजेपेक्षा जास्त बघत राहिली.

"डाव्या," ती म्हणाली आणि चहाचा घोट चुकून नाकात गेला.

चौथ्या गुरुवारी तो शिडीवर चढून वरच्या खणातली सीट शोधत होता, आणि ती सहज फळ्यावरचा आपला पुठ्ठा बघत होती. सहज म्हणजे, पोटापाण्यासाठी ठसे वाचणारं माणूस जितपत सहज बघू शकतं तितपत. डावा खळगा उजव्याहून खोल होता. तिचा भार तर उजवीकडे पडत होता. आणि डाव्या खळग्याच्या बाजूला, कोपऱ्यात, एक बारीक वाकडा ठसा होता. सायकलवाल्यांचा षटकोनी पाना असतो, तसा. मागच्या खिशातला.

तिच्या त्या दिवशीच्या पँटला खिसाच नव्हता.

पुठ्ठा त्याचा होता. गेले तीन आठवडे ती त्याच्या हाडांना बेतलेल्या सीट्सवर बसत होती.

तिने सांगायला तोंड उघडलं. वाक्य अगदी छोटं होतं. तेवढ्यात तो शिडीवरून उतरला, केसांत जाळं, हातात सीट, आणि म्हणाला, "काळजी करू नका. अजून सात सीट्स बाकी आहेत."

सात सीट्स. सात गुरुवार. आणि बरोबर सीट मिळाली की शून्य.

"द्या," ती म्हणाली.

इथून पुढचं दुखणं तिचं स्वतःचं होतं. पूर्वी ते नुसतंच यायचं, आता ते घरी बोलावून आणलेलं होतं.

"अगं, दुसऱ्या कुणाला तरी दाखव ना सायकल," आत्या म्हणाली. आत्याने डॉक्टरकीच्या तीस वर्षांत कुणाचं कण्हणं फुकट ऐकून घेतलं नव्हतं.

"माणूस चांगला आहे, आत्या."

"तुला माणूस कुठे दुखतोय?"

बुधवारी दवाखान्यात फोन आला. आत्याने उचलला, ऐकला आणि आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडली, "उजवं हाड आहेत का, असं कुणीतरी विचारतंय. मी सांगितलं, आमच्याकडे दातच असतात. तर म्हणतो, उद्या गुरुवार आहे एवढाच निरोप द्या."

आठवड्यामागून आठवडा गेला. सातव्या गुरुवारी ती पोहोचली तेव्हा दुकानाबाहेर, रिपरिप पावसात, ते बुटकं स्टूल ठेवलेलं होतं. त्यावर चिठ्ठी होती: 'हवं त्याने न्यावं'.

तो आत काउंटरमागे उभा होता. चहा केलेला नव्हता.

"स्टूल बाहेर कसं?"

"मापं घेणं बंद करतोय. नुसती पंक्चरं काढीन." तो शांतपणे म्हणाला, आणि ते जास्त वाईट होतं. "सहा वर्षांत एकशे चाळीस माणसं मार्गी लावली. 'सगळंच'सुद्धा आता हसत चढावर जातात. तुमच्यापाशी सगळं खुंटलं. काल 'डावा गुडघा' पुन्हा माप द्यायला आले होते. मी त्यांना परत पाठवलं. म्हटलं, मला जमत नाही आता."

पाऊस स्टुलावर वाजत होता. तिच्या लक्षात आलं की तिने स्वतःला दुखवायचं ठरवलं होतं, आणि दुखलं होतं भलत्यालाच.

"तो पुठ्ठा तुमचा आहे," ती म्हणाली.

"कुठला?"

"'उजवं हाड'. डाव्या कोपऱ्यात पान्याचा ठसा आहे बघा. बाबागाडी आली तेव्हा अदलाबदल झाली. तुमचं माप चुकलं नव्हतं, चिठ्ठी चुकली."

त्याने पुठ्ठा काढला, उजेडात धरला. बराच वेळ.

"तुम्हाला कधी कळलं?"

"चौथ्या गुरुवारी."

"आज सातवा आहे."

"हो."

"म्हणजे तीन आठवडे... मुद्दाम दुखवून घेतलंत?"

"दुखणं आपोआपच होतं. न सांगणं मुद्दाम."

"का?"

उत्तर तिच्याकडे तयार होतं. पण ती भिंतीवरच्या सीट्स मोजत उभी राहिली.  मग त्याने बाहेर जाऊन स्टूल आत आणलं, पुसलं, त्यावर नवा पुठ्ठा ठेवला. ती बसली. त्याने मोजलं. साडेतेरा. एक रुंद, कुरूप, काळी सीट काढून सायकलला बसवली, सगळे बोल्ट दोनदा तपासले.

"आता दुखणार नाही," तो म्हणाला. "परत यायची गरज पडणार नाही."

आणि खरंच दुखलं नाही. रविवारी ती साठ किलोमीटर गेली. सीट असल्याचा पत्ताही लागला नाही. इतक्या सुखात ती आयुष्यात कधी बसली नव्हती आणि इतकी रडकुंडीलाही आली नव्हती. एक गुरुवार गेला. दुसरा गेला. तिने एका निवृत्त न्यायाधीशांच्या कवळीत डावा सुळा उजवीकडे बसवला, आणि न्यायाधीशांनी तिच्यासमोर फक्त एक शब्द उच्चारला: "हरकत."

तिसऱ्या गुरुवारी आत्या मागच्या खोलीत आली.

"एक पेशंट आलाय. दात दगड फोडायच्या लायकीचे, आणि म्हणतो, कवळीचं माप द्यायचंय. तूच बघ बाई. मला निरोगी माणसांशी काय बोलावं ते कळत नाही." आणि ती पर्स घेऊन बाहेर पडली.

तो खुर्चीत आडवा होता. गळ्यात कागदी लाळेरं.

"सगळे दात जागेवर आहेत तुमचे," ती म्हणाली.

"पुढेमागे लागेलच कवळी."

"पुढेमागे म्हणजे चाळीस वर्षांनी."

"यायला काहीतरी कारण लागतं ना," तो छताकडे बघत म्हणाला. "तुमच्याकडे होतं. माझ्याकडे हेच निघालं."

 तिने गुलाबी लगदा कालवला, साच्यात भरला आणि त्याच्या तोंडात घट्ट बसवला.

"तीन मिनिटं. बोलायचं नाही, हलायचं नाही."

घड्याळाची टिकटिक सुरू झाली. आणि तिला जाणवलं की यापेक्षा सोयीची वेळ मिळणार नाही. ज्याच्या तोंडात लगदा आहे तो नाही म्हणू शकत नाही.

"तुम्ही 'का' विचारलं होतंत," ती त्याच्या कपाळाला उद्देशून म्हणाली. "सांगितलं असतं तर गुरुवार संपले असते. म्हणून. दुखणं परवडलं मला. तुम्ही स्टूल बाहेर ठेवाल हे नव्हतं माहीत. त्याची लाज वाटते. आणि तुम्ही आवडता मला... दुसऱ्या सीटपासून. पहिलीच्या वेळी फक्त दुखत होतं."

"अँ," तो म्हणाला.

"बोलू नका, माप बिघडेल."

त्याचा हात खुर्चीच्या दांड्यावरून उठला, हवेत जरा चाचपडला, आणि तिचं रबरी हातमोज्यातलं मनगट त्याला सापडलं. त्याने ते धरलं. त्याचे डोळे भरून आले होते. लगद्याने सगळ्यांचेच येतात, म्हणून तिने त्यातून काही निष्कर्ष काढला नाही. मनगटातून मात्र काढला.

घड्याळ वाजलं. साचा काढायला दोन हात लागतात, आणि तो एक सोडेना. एका हाताने काढला. वेळ लागला.

त्याने तोंड पुसलं. "राग आला होता मला," तो म्हणाला. "न सांगितल्याचा कमी. तीन आठवडे तुला दुखत होतं आणि मी तिथे उभा राहून चहा पीत होतो, त्याचा जास्त."

"आता?"

"आता तोंडात रबराची चव आहे. बाकी ठीक." मग जरा थांबून, "कसं आलंय माप?"

तिने साचा उजेडाकडे धरला. प्रत्येक दात स्वच्छ, कडा रेखीव. 'हललात, परत घ्यावं लागेल' असं म्हणणं किती सोपं होतं. जिभेवरच होतं.

"उत्तम आलंय," ती म्हणाली. "परत घ्यायची काही गरज नाही."

तो पुन्हा मागे टेकला, लाळेरं नीट केलं.

"तरी घे," म्हणाला, आणि त्याने तोंड उघडलं.